पुढचे चाक

गेल्या श्रावणात माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. दिल्लीत आम्ही दोघे एकत्र राहतो. रविवार उजाडला, की मातीच्या वाटांसाठी घेतलेली आपली उंच गाडी त्याने बाहेर काढावी आणि सोहन्याजवळच्या दमदमा तलावाकडे, अरवलीच्या खडकाळ टेकड्यांत जावे, हा त्याचा शिरस्ता. "वेग आवरत नाही तुला," हे मी त्याला रुग्णालयातच ऐकविले. साताऱ्याहून आईनेही फोनवर तेच म्हटले. तो मात्र एवढेच सांगत राहिला, "दादा, शॉकअप दबलाच नाही. दगडावरून चाक सरळ उडाले."

अपराध्याला सबब सापडतेच, असे मी मनाशी म्हटले.

गाडी विकावी असे ठरले. तत्पूर्वी ती नीट करावी म्हणून पाहिले, तो पुढच्या फोर्कच्या उजव्या पायावर तेलाचा ओघळ होता. दोन्ही पाय मीच सोडविले, कारागिराकडून ऑईल सील बदलून आणले आणि घरी पुन्हा बसविले. तेलही नवे भरले. हे तेल केवळ वंगण नव्हे. चाक वर येते तेव्हा आतली स्प्रिंग दबते आणि तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या अडवणुकीमुळेच स्प्रिंगची उसळी आवरली जाते. तेल फार दाट असेल तर फोर्क ताठ होतो, फार पातळ असेल तर गाडी डोलत राहते. तेलाच्या वर कोंडलेली हवासुद्धा दबताना स्प्रिंगचेच काम करते. म्हणून तेल जरा जास्त भरले, की हवेची जागा आक्रसते आणि शेवटी शेवटी फोर्क कठीण लागतो. मी तेलाची पातळी मोजून भरली होती. तरीही हँडलवर सारा भार टाकला, तर फोर्क अडखळत दबे आणि वर येतानाही मध्येच थबके.

मग फोर्कच्या चकचकीत नळीवर एक दोरा घट्ट बांधला आणि गल्लीतल्या गतिरोधकांवरून गाडी नेऊन आणली. फोर्क जितका दबेल तितका दोरा वर सरकतो आणि तेथेच राहतो. सुमारे 19 सेंटिमीटर दबू शकणारा तो फोर्क जेमतेम चार बोटे दबला होता. भाऊ खोटे बोलत नव्हता.

त्या रात्री गाडीची माहितीपुस्तिका घेऊन बसलो. भाषांतर हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द मागेपुढे झाले, तर मी दुसऱ्याचा मजकूर परत पाठवितो. पुस्तिकेत पुढचे चाक बसविण्याचा क्रम दिला होता. आधी आसाचा नट आवळायचा. मग चाक जमिनीवर टेकवून, पुढचा ब्रेक धरून फोर्क चारपाच वेळा दाबायचा, म्हणजे दुसरा पाय आसावर आपली जागा आपण घेतो. आसाला पकडणारे छोटे बोल्ट आवळायचे ते सर्वांत शेवटी. ते घाईने आवळले, तर दोन्ही पाय समांतर राहत नाहीत आणि नळ्या एकमेकींत घासून अडकतात.

भाऊ पडला, त्याच्या आदल्या संध्याकाळी पुढच्या चाकाचे पंक्चर मी काढले होते. गाडी ठोकळ्यावर असतानाच, मोठ्या अभिमानाने, सारे बोल्ट करकचून आवळले होते. सील बदलल्यावरही तेच केले.

सकाळी ते छोटे बोल्ट सैल केले मात्र, उजवा पाय 'खट्' करून किंचित बाहेर सरकला. क्रमाने सारे पुन्हा आवळले. त्याच गतिरोधकांवर दोरा दुपटीहून वर गेला.

भावाचे प्लास्टर निघाले त्या दिवशी त्याला सारे सांगितले. तो बराच वेळ मनगट चोळीत बसला. मग म्हणाला, "आईला तूच सांग. आणि गाडी विकायची नाही. पुढचे चाक यापुढे मी बसवीत जाईन, दादा."