छत्तीस घरांचं सिबिल

सिबिलला कुणी पाहिलेलं नाही, पण त्याच्याविषयी मत नसलेलं माणूस आता सापडणं कठीण. ट्रॅक्टरच्या शोरूमात, मोबाइलच्या दुकानातल्या हप्त्याच्या टेबलापाशी, बँकेच्या पायऱ्यांवर त्याचं नाव निघतंच. ‘सिबिल बसत नाही.’ ‘सिबिल डाउन आहे.’ ‘आधी सिबिल काढून आणा.’ २०२५च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून बातमी आली होती, की नवऱ्या मुलाचं सिबिल पाहून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडलं. त्याच वर्षी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं, की पीककर्जासाठी शेतकऱ्याकडे सिबिल मागू नका. सोयरिकीपासून पेरणीपर्यंत ज्याचा शब्द चालतो, त्याचा स्वभाव जाणून घ्यायलाच हवा.

त्याचा जन्म ऑगस्ट २००० मधला, मुंबईतला. जन्मनाव लांबलचक, क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो इंडिया लिमिटेड. आता कागदोपत्री ट्रान्सयुनियन सिबिल. २००५ साली त्याच्यासारख्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्क ही त्याची तीन भावंडं कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यांवरून आकडा काढण्याचं हेच काम करतात. लोक मात्र चौघांनाही थोरल्याच्याच नावानं ओळखतात, आणि इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते. चौघांकडची माहिती अगदी सारखी नसते आणि गणित करण्याची पद्धतही एक नसते. फोनवरच्या अ‍ॅपात दिसलेला आकडा एका भावंडाचा असतो आणि बँकेनं मागवलेला दुसऱ्याचा. सुधारणेच्या तिसऱ्या महिन्यात आकडा वीसनं उतरला म्हणून कुणी हताश होतं, तेव्हा बऱ्याचदा त्यानं दोन वेगळ्या माणसांची उत्तरं शेजारीशेजारी ठेवलेली असतात.

सिबिल बोलतं एका आकड्यात, ३०० ते ९००च्या दरम्यान. पण ते राहतं अहवालात, आणि अहवाल उघडून बघणारे फार थोडे. ज्यांचं सिबिल बिघडलं आणि जे ते नेटानं दुरुस्त करताहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आकड्याच्या तोंडाकडे रोज बघू नका, त्याच्या घरात जा.

या घरात काय काय नाही, ते आधी पाहू. तुमचा पगार या आकड्याच्या हिशोबात नाही. बँकेतली शिल्लक नाही. वाण्याकडची उधारी वीस वर्षं वेळेवर चुकती केली असेल, भिशीचा एकही हप्ता चुकवला नसेल, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने बोलल्या दिवशी परत केले असतील, तरी त्यातलं अक्षरही सिबिलच्या कानावर गेलेलं नसतं. त्याचे कान फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांकडे. म्हणून पंचक्रोशीत ज्याच्या शब्दावर लोक पैसे देतात, त्याच्या नावापुढे सिबिलकडे ‘इतिहास नाही’ एवढाच शेरा निघू शकतो. हप्ता का चुकला, हेही त्याला कळत नाही. दवाखाना, अवकाळी, बंद पडलेला कारखाना, कशालाच तिथं रकाना नाही. मला त्याचा राग येतो तो इथं. कारण न विचारता नोंद करणाऱ्याच्या हाती एवढा अधिकार असावा, हे मला आजही पटत नाही. पण नोंद करताना ते माणसाचं तोंड बघत नाही, हेही खरं आहे. सावकाराच्या ओटीवर जात, ओळख आणि मिंधेपण बघून व्याज ठरत आलं. सिबिलच्या हिशोबात जातीलाही जागा नाही.

आता त्याची स्मरणशक्ती. अहवालात प्रत्येक कर्जाखाली लहान लहान घरांची एक पट्टी असते, महिन्याला एक घर, जास्तीत जास्त छत्तीस. ताजा महिना डावीकडे, जुना उजवीकडे. घरात ‘०००’ म्हणजे काही थकलेलं नाही. ‘३०’ किंवा ‘६१’ असा आकडा म्हणजे तितके दिवस थकबाकी. तीन फुल्या, इंग्रजी एक्ससारख्या, म्हणजे त्या महिन्याचं बँकेनं काही कळवलंच नाही. शाळेच्या हजेरीपुस्तकासारखी ही पट्टी आहे. आज वर्गात आलात म्हणून मागच्या बुधवारची गैरहजेरी खोडली जात नाही, पण पुढचं पान तुमच्या हाती असतं. दर महिन्याला डावीकडे एक घर नवं येतं आणि उजवीकडचं एक पट्टीबाहेर पडतं. सुधारणा होते ती अशी, एकेका घरानं. तीन अंकी एकच आकडा पाहणाऱ्याला छत्तीसातलं एक घर बदललेलं दिसणार कसं?

एक उदाहरण घेऊ. इचलकरंजीतली एक शिवणकाम करणारी ताई धरा. मशीनसाठी कर्ज, महिन्याचा हप्ता दोन हजार. जुलै आणि ऑगस्टमध्ये आजारपणानं दोन हप्ते चुकले. सप्टेंबरपासून ती दर महिन्याला न चुकता दोन हजार भरते आहे. सहा महिने झाले, आठ झाले, तरी आकडा हलत नाही, आणि तिला वाटतं सिबिल सूड उगवतंय. पट्टी उघडली की कारण सापडतं. प्रत्येक घरात साठाच्या आसपासचा आकडा बसलेला असतो. कारण सप्टेंबरात भरलेले पैसे बँकेनं जुलैच्या थकबाकीत जमा केले, ऑक्टोबरातले ऑगस्टच्या. थकबाकीचे दिवस सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्यापासून मोजतात. त्यामुळे ती रोजच्या भाषेत नियमित आहे आणि सिबिलच्या भाषेत दर महिन्याला दोन महिने मागे. तिच्या प्रामाणिक कष्टांची नोंद होते आहे, पण चूक म्हणून. ते दोन थकलेले हप्ते आणि त्यांवरचा दंड एकदा वेगळे भरले, की पुढच्याच घरात ‘०००’ येतं. चार हजार आणि वर काही रुपयांच्या अंतरानं माणसं वर्षवर्ष तिष्ठत राहतात, आणि हे त्यांना कुणी समजावून सांगत नाही. वसुलीचा फोन करणारा ‘भरा’ म्हणतो. ‘किती भरलं म्हणजे खातं नियमित होईल’ हे तो आपणहून सांगत नाही. नव्वद दिवसांहून जास्त थकून खातं अनुत्पादित ठरलं असेल, तर नियम आणखी कडक. सगळी थकबाकी, व्याज आणि मुद्दल दोन्हींची, चुकती झाल्याशिवाय त्याला पुन्हा प्रमाणित म्हणता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

काही संस्था दिवसांचा आकडा न देता ‘एसटीडी’ अशी खूण कळवतात. तिचा अर्थ, भरणा नव्वद दिवसांच्या आत होतो आहे. म्हणजे कालपर्यंत साठ दिवस मागे असलेली ताई आज पूर्ण वेळेवर आली, तरी खूण तीच राहते. प्रगती झाली, पण तिला उमटायला वेगळं अक्षरच नाही.

मग त्याच्या कानांचा मंदपणा. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत बहुतेक संस्था महिन्यातून एकदा माहिती पाठवत. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला पाठवायची असा नियम झाला, पंधरा तारखेची आणि महिनाअखेरची. ती पाठवायला संस्थेला सात दिवस, आणि अहवालात चढवायला सिबिलला पाच. त्या नियमानं तीन तारखेला भरलेले पैसे पंधराच्या माहितीत धरले जातात आणि अहवालात यायला सत्तावीस उजाडू शकते. त्यात अ‍ॅप महिन्यातून एकदाच नवा आकडा आणत असेल, तर चार तारखेपासून रोज फोन उघडणाऱ्याचं मन मोडणारच. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं आकडा घटत नाही, तेव्हा पाहायला हरकत नाही. पण प्रत्येक खात्यावर ‘कोणत्या तारखेची माहिती’ हे छापलेलं असतं, ते आधी वाचावं. तारीख जुनी असेल तर आपण जुनं वर्तमानपत्र वाचतो आहोत.

सर्वांत जास्त माणसं दुखावली जातात, ती चांगलं काम करूनही आकडा खाली आल्यानं. जुनं क्रेडिट कार्ड बंद केलं, कर्जाचा मोह नको म्हणून. पण त्यानं एकूण उपलब्ध मर्यादा कमी झाली आणि उरलेल्या कार्डावरची उधारी त्या मानानं मोठी दिसू लागली. पन्नास हजारांच्या कार्डावर पंचेचाळीस हजार खर्च करून शेवटच्या तारखेला पै न पै भरली. बँकेनं मात्र बिल निघालं त्या दिवसाची रक्कम कळवली, आणि अहवालात पंचेचाळीस हजारच राहिले. एका ठिकाणी नकार आला म्हणून चार ठिकाणी अर्ज टाकले, तर प्रत्येक संस्थेच्या चौकशीची नोंद झाली. नेमकं सूत्र कंपनी उघड करत नाही, त्यामुळे कोणत्या गोष्टीनं किती गुण गेले हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. एक चुकलेला हप्ता आकडा झपकन खाली आणतो आणि एक वेळेवर भरलेला हप्ता त्याला जेमतेम हलवतो, एवढं मात्र अनुभवानं सगळ्यांना माहीत आहे.

‘सेटलमेंट’ या गोड शब्दापाशी थोडं थांबायला हवं. ऐंशी हजारांचं येणं पन्नास हजारांत मिटवू, असा फोन येतो. अडचणीतल्या घराला तो आधार वाटतो, आणि कधी कधी खरोखरच दुसरा मार्ग नसतो. खातं मिटतं, फोन थांबतात, पण अहवालात ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढचा बँकवाला त्याचा अर्थ लावतो, की या कर्जदारानं पूर्ण पैसे दिले नाहीत. पुढे सवडीनं उरलेली रक्कम भरून, बँकेकडून येणं-बाकी-नाही असं पत्र घेऊन, शेरा बदलून मागता येतो. तसं झालं तरी त्या काळातली घरं जशीच्या तशी राहतात. अशी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी, असं नियम सांगतात.

जामीनदाराची कथा याहून अवघड. मित्राच्या बँकेच्या कर्जाला सही दिली, तर ते कर्ज जामीनदाराच्याही अहवालात येतं. त्यानं स्वतःचे सगळे हप्ते वेळेवर भरले, तरी मित्राच्या पट्टीतली घरं त्याच्या दारात येऊन बसतात.

विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीवर ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल, ३० दिवसांत ७५०’ अशा पाट्या दिसतात. त्यांच्यापासून लोकांना वाचवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही. ही मंडळी बहुतेक वेळा एवढंच करतात, की खऱ्या नोंदीवरही हरकत नोंदवतात. तपास होईपर्यंत ‘वादग्रस्त’ असा शेरा लागतो, तो पाहून गिऱ्हाईक उरलेली फी देतं, आणि बँकेचं उत्तर आलं की नोंद जशीच्या तशी परत येते. खोट्या नोंदीची गोष्ट वेगळी. आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं, आणि एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खाती चढू शकतं. फेडलेलं कर्ज चालू दाखवलं जातं. अशा चुकीच्या नोंदीवर हरकत स्वतः नोंदवता येते, विनामूल्य. बँकेला एकवीस दिवस, आणि सगळं मिळून तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, असा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हा हक्क किती जणांना ठाऊक आहे, असा प्रश्न मला छळतो.

दुसरा हक्क २०१७ पासूनचा. चारही कंपन्यांनी दर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला, तर वर्षभर खर्चाविना लक्ष ठेवता येतं. फक्त त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पट्ट्या ताडून पाहाव्यात. थकबाकीच्या रकान्यात शून्य आलं का, डावीकडून सलग किती घरं ‘०००’ झाली, थकबाकीचं काळं घर उजवीकडे कितवर सरकलं, हे मोजावं. आकडा ६४०वरच अडलेला दिसत असेल आणि डावीकडे चौदा घरं स्वच्छ असतील, तर त्या शिवणकामवाल्या ताईनं चौदा महिने काम केलं आहे आणि ते नोंदलं गेलं आहे. आकड्यानंतर पट्टीही वाचणारा अधिकारी बँकेत भेटतो. त्याच्या टेबलावर छापील अहवाल ठेवून, त्या चौदा घरांवर बोट ठेवून बोलायला संकोच करू नये.

आणि सिबिलकडेही माझं एक मागणं आहे. त्याच्या पहिल्या पानावर, त्या मोठ्या आकड्याच्या शेजारी, त्याच मोठ्या अक्षरांत एक ओळ असावी: ‘गेले चौदा महिने सर्व हप्ते वेळेवर.’ पंधराव्या महिन्यात खचून हप्ता सोडणाऱ्या माणसाला ती ओळ थांबवू शकेल. त्यासाठी कुणाकडून नवी माहिती गोळा करावी लागत नाही. ती आतल्या पानांवर, छत्तीस घरांत, आधीच लिहिलेली आहे.