भिंतीवरचं हिरवं

परवा मागच्या बोळातून ॲसिडचा उग्र वास आला, तशी मी हातातला घास ठेवून खिडकीशी गेले. शेजारच्या बंगल्यात गणपतीआधीची साफसफाई चालली होती. दोन पोरं कंपाउंडवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडत होती.

मंगळवार पेठेत आज्जीच्या मोरीमागची भिंत अशीच पावसाळाभर हिरवी असायची. मी काथ्या घेऊन तिच्याकडे वळले की आज्जी ओरडायची, "पायरीवरचं काढ की गं! भिंतीवरचं कशाला खरवडतीस?" पायरीवरून माणूस पडतं, भिंतीवरून कोण पडणार?

   

रंकाळा तलावातलं बुळबुळीत शेवाळ वेगळं. भिंतीवरच्याला पानं असतात, मुळं नसतात. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं आणि आज्जीची भिंत मला नव्यानं दिसली. बीजाणू रुजला की आधी बारीक हिरवे तंतू पसरतात. तंतूवर एखादी पेशी फुगून कळी धरते, कळीतून पानांचा कोंब उभा राहतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एम. जोहरी यांनी 1970 च्या दशकात हेच तंतू वाढवले. ऑक्झिन हे संप्रेरक मिळालं की तंतूंची जात पालटते, आणि कळ्या बहुधा या पालटलेल्या तंतूंवरच येतात. कळीला जागं करतं दुसरं संप्रेरक, सायटोकायनिन. कोंबाचा शेंडा खुडला तर खालून नवा फुटवा येतो. तुटकं पानही ओलीत पडलं की पुन्हा तंतू सोडतं. म्हणजे ती ब्रशवाली पोरं चक्क पेरणी करत होती.

आज्जीची भिंत ब्रशनं नाही, वाटणीनं गेली. चुलत्यांनी तिथं चकचकीत टाइल्स बसवल्या आणि वर मलाच ऐकवलं, "आता कटकट गेली." त्यांच्या वास्तुशांतीला मी गेले नाही. अजूनही तिकडं वाकडी वाट करून जात नाही. गेल्या पावसाळ्यात त्याच टाइल्सच्या सांध्यांतून हिरवं फुटलं म्हणे. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

शेवाळामुळे भिंत ओली होत नाही, ओल असते म्हणून शेवाळ येतं. तेव्हा पायऱ्या खुशाल घासा. भिंतीवर ॲसिड ओतण्याआधी मात्र गच्चीचा गळका पाइप बदलून घ्या.