सायकलचे दुकान आणि अचौर्य

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळी पंक्चर काढणे हा उघड्यावरचा व्यवहार असे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडे आणि बुडबुडे कोठून येतात, हे गिऱ्हाईक स्वतः पाही. एकाची तीन पंक्चर सांगण्याची सोयच नसे.

ओव्हरहॉलिंगचे तसे नव्हते. सायकल सकाळी ठेवायची, सायंकाळी न्यायची. चाकातले छर्रे खरोखर बदलले की जुनेच ग्रीस लावून बसवले, हे गिऱ्हाइकाला कळावे कसे? म्हणून चांगला कारागीर झिजलेले छर्रे कागदात बांधून परत देई. तेही न मागता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या पाच अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार येतो, म्हणजे अस्सल सांगून नक्कल देणे. ती कागदाची पुडी हा त्यावरचा साधा उपाय होता.

आता गिऱ्हाइकाचीही परीक्षा आहे. गियरची सायकल दुकानात बसून पाहायची, आपल्या उंचीला कोणती फ्रेम योग्य ते दुकानदारालाच विचारायचे आणि मागवायची मात्र ऑनलाइन. खोके आले की जोडणीसाठी पुन्हा तेच दुकान! डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसल्याने काही जण ते बळेच पिळून, आटे बिघडवून येतात. मग मजुरी ऐकून त्यांना ती लूट वाटते.

सल्ला दुकानदाराने आपण होऊन दिला, तेव्हा ते अदत्तादान नव्हे, असे म्हणता येईल. पण त्याने तो दिला होता गिऱ्हाईक समजून.