चौथी पायरी

परवा ओवीने विचारलं, "आत्या, बंड्या बोका होता ना? मग त्याने गुलाबला खाल्लं कसं नाही?"

गुलाब जाऊन महिना झाला. बंड्या त्याच्या दोन वर्षं आधी गेला. पहिलीतल्या ओवीला कबूतर आणि मांजर यांचं काय होतं ते चांगलं ठाऊक आहे, म्हणून प्रश्न.

गुलाब म्हणजे आमचा कोंबडा. २०१८ च्या नवरात्रात ओवीच्या दादाने कालिकेच्या यात्रेतून त्याला कागदी पिशवीत घालून आणलं, तेव्हा तो रंगवलेला गुलाबी गोळा होता. पुढे रंग उडाला, पांढराशुभ्र कोंबडा झाला, नाव तेवढं राहिलं. आमचं घर जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या मागे, नदीकडच्या उतारावर. घरात अंडंसुद्धा येत नाही. आईने त्याच दिवशी सांगून टाकलं, "उंबऱ्याच्या आत यायचं नाही त्याने." त्याचं खोकं मागच्या पडवीत गेलं.

पडवी बंड्याची. डावा कान फाटलेला, वाड्यातल्या कबुतरांचा काळ. पहिल्या रात्री आम्ही खोक्यावर पाट ठेवला आणि पाटावर खलबत्ता. सकाळी बघतो तर पाट कलंडलेला आणि पिल्लू बंड्याच्या पोटाशी झोपलेलं. बंड्या जागा होता. आम्ही जवळ गेलो तसा आमच्यावरच गुरगुरला.

दुपारची त्यांची एक वेळ ठरलेली होती. बंड्या ओट्यावर येऊन बसायचा आणि फाटका कान पुढे करायचा. गुलाब मान तिरकी करून आधी एका डोळ्याने बघायचा, मग दुसऱ्याने. मग कानाच्या घडीतली गोचीड चोचीच्या टोकाने अलगद उपटायचा. लादीवरचा तांदूळ ठक्कन टिपणारी तीच चोच, पण त्या कानापाशी तिचा आवाजसुद्धा होत नसे. बंड्या डोळे मिटून घ्यायचा. तो कान त्याने आम्हाला कधी धरू दिला नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत राहायची. कुणी "कधी कापताय?" असं विचारलं की तिला राग यायचा. एकदा म्हणाली, "कपालेश्वरापुढे नंदी नाही, ठाऊक आहे ना? शंकराने त्याला गुरू मानलं म्हणून. कोणी कुणाला काय मानावं, ते आपण कोण सांगणार?" पण उंबरा उंबराच राहिला.

ओवीला मी हेमलकशाचंही सांगितलं. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी घरी नेलं, तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं, बिबटे आणि अस्वलं माणसांत वाढली. पण तिथे माणसांनी जीव लावला होता. आमच्याकडे माणसं लांब उभी होती. जे ठरलं ते त्या दोघांचं आपसात ठरलं.

मग ४ ऑगस्ट २०१९ चा रविवार आला. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर. सकाळपासून निरोप येत होते, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी. नाशकात पूर असाच मोजतात. मारुती दिसेनासा झाला तशी आम्ही आवराआवर सुरू केली. ओवी तेव्हा वहिनीच्या पोटात होती. आधी वहिनीला माडीवर नेलं, मग कागदपत्रं, गहू-तांदळाचे डबे, गाद्या. बंड्याला मी पिशवीत घालून नेलं. दिवे गेले. पाणी पडवीतून घरात आलं.

बंड्या पिशवीतून निसटला आणि जिन्यावर जाऊन बसला. खालून चौथी पायरी. तिसरी पाण्यात होती. तिथून त्याने जो आवाज काढला, तसा आम्ही कधी ऐकला नव्हता. त्याला दोनदा वर आणलं, दोनदा परत गेला. कोंबड्याला अंधारात दिसत नाही, तो ओरडत नाही, आहे तिथे गप्प बसून राहतो. खालून आवाज म्हणून नव्हताच.

आई उठली. "गुलाब कुठाय?"

मी म्हटलं, "अगं, विसरलेच."

अडुसष्ट वर्षांची माझी आई बॅटरी घेऊन मांडीभर पाण्यात उतरली. माझा भाऊ मागे धावला, तोवर ती पडवीत पोचली होती. गुलाब सरपणाच्या ढिगाच्या टोकावर बसलेला, शेपटी पाण्यात. तिने त्याला पदरात गुंडाळलं, वर आणलं आणि माडीवर मोकळी जागा फक्त देवघरात होती, तिथे ठेवलं. बंड्या जाऊन त्याला टेकला. आई समईच्या उजेडात त्याचे पंख पुसत राहिली. त्या रात्रीनंतर गुलाब घरात कुठेही फिरायचा.

ओवीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तू त्याला विसरलीस कशी?"

इतकी वर्षं घरात हे असंच सांगितलं जातं, मी गडबडीत विसरले. आईही तेच सांगते. ओवीला मात्र मी खरं सांगितलं. मी विसरले नव्हते. बंड्याला पिशवीत घालताना गुलाब दोन हातांवर होता, माझ्याकडे बघत होता. कोंबडा माडीवर देवांपाशी कसा न्यायचा, असं मनात आलं आणि मी त्याला तिथेच ठेवून आले.