दुसऱ्याचे स्थलांतर लिहिताना

८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र तुम्हांस आठवत असेल. त्या मजुरांपैकी एकाचेही नाव बहुधा आठवणार नाही. त्याच महिन्याच्या १९ तारखेस सोलापूरहून नागपूरकडे मजुरांना नेणारी एस.टी. बस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात ट्रकवर आदळली. तेथेही माणसे दगावली. मात्र तेथे मनात रुतून बसेल असे चित्र नव्हते, आणि तो अपघात जिल्ह्यातही फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. कोणाचे दुःख लक्षात राहावे हे अशा योगायोगाने ठरत असेल, तर लिहिणाऱ्याने अस्वस्थ व्हायला हवे.

पुसद-महागाव भागातील तांड्यांवर ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांशी मी अनेकदा बोललो आहे. एकदा एका प्रौढ स्त्रीने माझ्या वहीकडे पाहत म्हटले, “सर, माहं रडनं तं लिहसान, माहा हिशोबबी लिहा.” आणि तिने तो बोटांवर मांडला. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या तोडणीतून वळती होते. पावसाने किंवा आजारपणाने खाडे पडले की उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. आपल्या बातम्यांतील ‘लाचार मजूर’ या शब्दांत ही हिशोबी, व्यवहार जाणणारी बाई कोठे बसते? (‘लाचार’ हे विशेषण आपण किती सहज वापरतो!)

ज्याचे जगणे त्यानेच लिहावे, हा त्यावरचा एक मार्ग. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली तो मराठीत ठळक केला. तरीही प्रश्न संपत नाही. आत्मकथनात आईबाप येतात, भावकी येते, जातपंचायत येते. त्या साऱ्यांना विचारलेले असतेच असे नाही.

नावाचा पेच आणखी वेगळा. नाव छापले तर पुढच्या हंगामात उचल नाकारली जाण्याची भीती. न छापले तर ती बाई केवळ ‘एक मजूर स्त्री’ उरते. मी तिलाच विचारले. तिने नाव नको म्हटले. तांड्याचेही नको, कारण मुकादम शेजारच्याच तांड्यातला आहे.