परसातली माती

राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर राख लावताना माणसाला त्याच्या मातीची आठवण करून देण्याचे काम आम्ही गेली कित्येक वर्षे करीत आहोत. शब्द तोंडपाठ झाले, की त्यांचा अर्थ नकळत निसटू लागतो. आमचा निसटलेला अर्थ आम्हांला धर्मगुरुनिवासाच्या मागच्या परसात पुन्हा सापडला. तो कसा सापडला, हे सांगण्यासाठी आधी एका चुकीची कबुली देणे भाग आहे.

गोष्ट २००६ सालची. वसईतल्या एका धर्मग्रामात आम्ही नुकतेच प्रमुख धर्मगुरू म्हणून रुजू झालो होतो. निवासामागे जेमतेम अर्धा गुंठा परस होते. न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेले अळू, कढीपत्त्याचे एक झाड, कोपऱ्यात गवती चहाचे बेट आणि आमच्या वयस्क स्वयंपाक्याने राखलेले मिरची-वांग्यांचे दोन वाफे, एवढाच त्याचा संसार. सणाच्या दिवशी वाहनांना जागा पुरत नसे, पावसात चिखल होई. परस सिमेंटने बांधून काढावे, ही सूचना आम्हीच मांडली आणि महिन्याभरात ते काम उरकलेही. स्वयंपाकीकाका काही बोलले नाहीत. काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी अळूचे कांदे उकरले, पिशवीत भरले आणि आपल्या घरी नेले, एवढे आठवते.

त्याच उपवासकाळात ‘वाडी विकू नका’ या विषयावर आम्ही प्रवचन दिले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आम्ही सेमिनरीत शिकत होतो. त्या चळवळीची भाषा आमच्या जिभेवर होती. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध बागायतदार जवळ आले आणि म्हणाले, “प्रवचन चांगलं झालं, फादर. पण आता तुमच्या परसात मिरचीचं एक रोप लावायचं म्हटलं, तर कुठे लावाल?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. दोन वर्षांनी त्यांनी आपली वाडी विकली. आमच्या परसामुळे विकली, असे म्हणणे खोटे ठरेल. मुलांची शिक्षणे, वाटण्या, मचूळ झालेली विहीर अशी त्यांची कारणे होती. परंतु व्यवहारापूर्वी ते आमचा सल्ला घ्यायला आले, तेव्हा त्यांच्या नजरेला नजर देऊन ‘विकू नका’ असे म्हणणे आम्हांला जमले नाही. तेवढा एक शब्द आमच्याकडे त्यांचा राहून गेला.

पुढे बदल्या होत गेल्या. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले. आपल्या सामाईक घराची काळजी, या त्याच्या विषयावर आम्ही ओळीने तीन रविवार बोललो. २०१७ मध्ये सध्याच्या धर्मग्रामात आलो, तर इथलेही परस कोणीतरी फरशांनी झाकून टाकलेले! २०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे बंद पडली. आमच्या परसात गुडघाभर पाणी साचून राहिले. गंमत अशी, की पुढच्या उन्हाळ्यात त्याच परसातल्या विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले. किनाऱ्यालगतच्या भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पाऊस जमिनीत मुरला, तरच तो गोडा थर टिकतो. मुरू दिले नाही आणि वर पंप लावून उपसा वाढवला, की खारे पाणी आत सरकते. हे आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितले होते. आता आमच्याच पाण्याच्या तांब्याने ते आम्हांला सांगितले.

आम्ही पहार मागवली आणि फरशा उखडल्या.

खाली माती अशी नव्हतीच. मुरूम, विटांचे तुकडे, राडारोडा. सेमिनरीत असताना संत बेनेडिक्ट यांची सहाव्या शतकातली नियमावली आम्ही परीक्षेपुरती वाचली होती. मठाच्या आवारातच पाणी असावे, बाग असावी, असे ते सांगतात. जेवणात दोन शिजवलेले पदार्थ पुरेत, फळे किंवा कोवळी भाजी मिळाली तर तिसरा पदार्थ वाढावा, अशीही त्यांची सूचना आहे. त्या तिसऱ्या पदार्थाच्या आशेने आम्ही ऐन पावसाच्या तोंडावर मेथी आणि कोथिंबीर पेरली. आठवड्यात सगळे सडून गेले.

कुंपणापलीकडे राहणाऱ्या एक मावशी हे पाहत होत्या. वसईहून दादरला भाजीच्या पाट्या नेण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. न राहवून एक दिवस त्या आत आल्या. “फादर, पावसात कोथिंबीर? आणि ही माती काय शाळेतलं पोर आहे, घंटा झाली की उभं राहायला? तिला आधी खाऊ घाला.”

मग आमचे शिक्षण सुरू झाले. पहिले वर्ष केवळ शेणखत, पालापाचोळा, चुलीतली राख आणि मासळी धुतलेले पाणी. दुसऱ्या पावसाळ्यात ढेकूळ फोडले, तर आत गांडूळ दिसले. ते पाहून मावशींच्या मुद्रेवर जो आनंद उमटला, तो आमच्या कोणत्याही प्रवचनानंतर आम्ही पाहिला नव्हता. पावसाळ्यात दुधी, शिराळे, पडवळ, भेंडी. दसऱ्यानंतर मेथी, मुळा, लाल माठ, वांगी, टोमॅटो. धणे पेरण्यापूर्वी रगडून दोन फाकी कराव्यात, माठाचे बारीक बी राखेत मिसळून फेकावे म्हणजे दाट पडत नाही, हे सारे आम्ही वयाची पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो. वापरलेल्या फरशा वाफ्यांच्या कडेला लावल्या. कुंपणाशी पानओवा, अडुळसा आणि गवती चहा लावला. खोकला झालेली मुले आता अडुळशाच्या पानांसाठी आमच्या दारी येतात.

एका पावसाळ्यात दुधीचा वेल मांडवभर पसरला, पांढऱ्या फुलांनी भरला, पण फळ काही धरेना. मावशींनी फुले उलटून दाखवली. “ही लांब देठाची नर फुलं. ही बघा मादी, फुलाखाली इवलासा दुधी आहे. भुंगे-पाखरं कमी झाली, म्हणून यांची गाठ पडत नाही. इतकी लग्नं लावता, हे एक लावा!” दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. प्रार्थनेची घंटा झाल्यावर आम्ही नर फूल खुडले, पाकळ्या काढल्या आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवला. धर्मग्रामाच्या विवाहनोंदवहीत या लग्नाची नोंद नाही. मात्र आठ-दहा दिवसांत दुधी हाताएवढा झाला.

पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालियाला प्रभू बागेचा माळी वाटला, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पूर्वी आम्ही हे तिच्या अश्रूंनी झालेली चूक म्हणून समजावून सांगत असू. आता ते वाचताना आम्हांला त्या माळ्याचे हात आठवतात.

गेल्या वर्षी जुन्या धर्मग्रामात सणाला गेलो, तेव्हा त्या वृद्ध बागायतदारांना भेटलो. स्वतःच्या जुन्या वाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्ही मांडवावरच वाळवून काढलेल्या दुधीच्या बिया कागदात बांधून नेल्या होत्या. त्या पुढे केल्या आणि म्हणालो, “तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला उशीर झाला. त्या दिवशी तुम्ही सल्ला विचारायला आलात, तेव्हा ‘विकू नका’ म्हणायला हवं होतं. सिमेंट आठवलं, म्हणून गप्प बसलो.”

त्यांनी बिया तळहातावर घेऊन एकेक निरखली. “तुम्ही म्हणाला असतात, तरी विकलीच असती, फादर,” ते म्हणाले. “पण म्हणायला हवं होतं.” मग गॅलरीतल्या लोखंडी जाळीकडे त्यांनी पाहिले. “इथे वेल चढेल की नाही, सांगता येत नाही. ठेवतो मात्र. बी घरात असावं.”

निघताना आम्ही जुन्या निवासाच्या मागे डोकावलो. सिमेंट तसेच आहे. सध्या तिथे असलेले धर्मगुरू वयाने आमच्याहून पुष्कळ लहान. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला उरलेला नाही. आम्ही त्यांना आमच्या परसातला एक दुधी दिला आणि सवड काढून आमची बाग पाहायला या, एवढेच सांगितले. पहार आमच्याकडे आहे.