क्राकाताऊचं बाळ

जावा बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोरोबुदूरचा स्तूप येतो, नाही तर बाटिकचं कापड. पण मैत्रिणींनो, कधी काळी जकार्ताला जाणं झालंच, तर एक दिवस पश्चिम किनाऱ्यासाठी राखून ठेवा. मोटारीनं तीन-चार तासांत आन्येर आणि कारिता ही गावं येतात. ह्यांच्या कामानिमित्त आम्ही जकार्ताला होतो, तेव्हा मुलांना घेऊन मी हा किनारा पाहिला.

कोकणातल्या बाईला इथे मुळीच परकं वाटायचं नाही. तीच माडांची रांग, तीच शहाळी, निखाऱ्यावर भाजलेल्या मासळीचा तोच वास. या भागातल्या बायका मेलिंजो नावाच्या झाडाच्या बिया भाजतात आणि गरम असतानाच दगडावर ठेवून ठोकून चपट्या करतात. मग उन्हात वाळवतात. याला म्हणतात एम्पिंग. तळलं की आपल्या पापडासारखं कुरकुरीत होतं, चव मात्र किंचित कडवट. चहाबरोबर छान लागतं.

आन्येरला पांढरंशुभ्र दीपगृह आहे. ते १८८५ साली बांधलेलं. जवळच आधीच्या दीपगृहाचा नुसता पाया उरला आहे. वरचं काय झालं, ते समजून घ्यायला समोरच्या समुद्राकडे पाहावं लागतं. ही सुंदा सामुद्रधुनी; एका बाजूला जावा, पलीकडे सुमात्रा आणि मध्ये क्राकाताऊ. २७ ऑगस्ट १८८३ रोजी या ज्वालामुखी बेटाचा स्फोट झाला आणि बेटाचा बराचसा भाग समुद्रात गेला. तीस मीटरहून उंच लाटा किनाऱ्यावर आल्या. छत्तीस हजारांवर माणसं गेली, त्यांतली बहुतेक पाण्यानं. आन्येर गाव धुऊन निघालं.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. १९२७ साली त्याच जागी समुद्राखालून पुन्हा उद्रेक सुरू झाला आणि हळूहळू नवं बेट वर आलं. लोकांनी नाव ठेवलं ‘अनाक क्राकाताऊ’, म्हणजे क्राकाताऊचं बाळ. नव्वद वर्षांत हे बाळ ३३८ मीटर उंच झालं. पण ते वाढत होतं कुठे? १८८३ च्या स्फोटानं पडलेल्या खोल खड्ड्याच्या अगदी काठावर. पाटाच्या कडेला रवा ओतत राहा. ढीग उंच होतो खरा, पण कधी तरी कडेची बाजू घसरून भस्सकन खाली जाते. तसंच इथे व्हायचं होतं.

२२ डिसेंबर २०१८, शनिवार. आपल्याकडे त्या दिवशी दत्तजयंती होती, म्हणजे पौर्णिमेची रात्र. नाताळच्या सुट्टीमुळे किनारा माणसांनी भरलेला. तांजुंग लेसुंगला समुद्राकडे पाठ केलेल्या रंगमंचावर गाणी चालली होती. रात्री नऊच्या सुमारास बाळाची नैर्ऋत्येची बाजू कोसळून समुद्रात गेली. काठोकाठ भरलेल्या घंगाळात तांब्या पडला तर पाणी कसं उसळतं, तसंच झालं. सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या किनाऱ्याला अर्ध्या तासात लाटा येऊन धडकल्या. ४०० हून अधिक माणसं गेली, हजारो जखमी झाली. कोसळल्यानंतर बेटाची उंची उरली अवघी ११० मीटर!

तुम्ही विचाराल, सूचना कशी नाही मिळाली? तिथली व्यवस्था भूकंपावर बेतलेली होती. आधी जमीन हलणार, यंत्रं ते टिपणार, मग भोंगे वाजणार. त्या रात्री लोकांना जाणवेल असा भूकंप झालाच नाही. डोंगर तर जूनपासून धुमसतच होता, त्यामुळे त्याच्या आवाजाचं कुणाला नवल उरलं नव्हतं. सुरुवातीला तर ‘ही पौर्णिमेची भरती आहे’ असंच सांगण्यात आलं. नंतर ते दुरुस्त केलं गेलं. आणि मनाला लागणारी गोष्ट अशी, की हीच बाजू कोसळली तर लाटा किती वेळात जावाला पोचतील, याचं गणित शास्त्रज्ञांनी २०१२ मध्येच मांडून ठेवलं होतं. ते किनाऱ्यावरच्या भोंग्यांपर्यंत मात्र पोचलं नव्हतं.

हे काही एकट्या जावाचं नाही. १७९२ साली जपानमध्ये उन्झेन ज्वालामुखीजवळचा डोंगर समुद्रात घसरला, तेव्हा सुमारे पंधरा हजार माणसं दगावली. १८८८ साली न्यू गिनीजवळचं रिटर बेट जवळजवळ सगळंच खचून बुडालं.

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. २००४ च्या त्सुनामीनंतर ‘किनाऱ्यावर धरणी हलली की उंचावर पळा’ हे आपण मुलांना शिकवतो. ते शिकवायलाच हवं. पण त्याच्या जोडीला दुसरं वाक्य शिकवा : धरणी हलली नाही तरी, समुद्र वेगळा वागला की निघा. पाणी एकाएकी चढलं, भलतंच मागे हटलं किंवा समुद्राकडून घुमल्यासारखा मोठा आवाज आला, तर भोंग्याची वाट बघायची नाही. पाणी आधी मागे हटेलच असंही नाही. सामान गोळा करत बसू नका, मुलांचे हात धरा आणि समुद्राकडे पाठ करून उंचावर चला. एक लाट येऊन गेली म्हणजे संपलं असं समजून खाली उतरू नका.

कारिताच्या रस्त्यांवर बाहेर पडण्याची वाट दाखवणाऱ्या पाट्या आहेत. ‘जालुर एव्हाकुआसी’ ही दोन अक्षरं तेवढी ओळखून ठेवा. चटई अंथरण्याआधी आम्ही मुलांना त्या वाटेनं थोडं चालवून आणलं; पाच मिनिटांचं काम, मग दिवसभर मुलं निवांत वाळूत खेळली.

संध्याकाळी आभाळ स्वच्छ असेल तर क्षितिजावर बेटांचे डोंगर दिसतात. त्यांच्यामध्ये ते बाळ आहे आणि पुन्हा वाढू लागलं आहे. बघायला जरूर जा. एम्पिंगही बांधून आणा, पण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाही तर मऊ पडतं.